अकष्टशब्द : आपल्या चिठ्ठ्या, लेबले आणि इंग्रजी

सन २००६ मधील गोष्ट आहे. तालुक्याच्या गावी व्यवसाय सुरू करून मला जेमतेम तीन वर्षे झाली होती. एके दिवशी सकाळी एक निवृत्त शिक्षक दवाखान्यात आले. "डॉक्टर, छातीत गॅस धरलाय," असे म्हणत ते बाकावर बसले. कपाळावर घाम होता, चेहरा फिकट होता, डावा हात ते उजव्या हाताने दाबून धरत होते. नाडी पाहिली आणि मनात हृद्रोगाची शंका आली. दवाखान्यात ईसीजीची सोय नव्हती. जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवणे हाच मार्ग होता. त्यांच्या मुलाने जीप आणेपर्यंत मी घाईने चिठ्ठी लिहिली. ती अशी : ‘पेशंट इज हॅविंग गॅसेस इन चेस्ट सिन्स मॉर्निंग विथ परस्पिरेशन. काइंडली एग्झॅमिन अँड डू द नीडफुल.’

रुग्णालयात त्या वेळी कामावर असलेल्या तरुण डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली. त्यात ‘गॅसेस’ असे लिहिलेले होते. त्यांनी आम्लपित्तावरचे इंजेक्शन दिले आणि रुग्णास बाकावर बसवून ठेवले. ईसीजी निघाला तो सुमारे दोन तासांनंतर. तोवर हृदयाच्या स्नायूचे व्हायचे ते नुकसान होऊन गेले होते. शिक्षक वाचले, पण पुढे जिन्याच्या सहा पायऱ्या चढल्या की त्यांना थांबावे लागे.

त्या डॉक्टरांना मी कधीही दोष दिला नाही. एका वैद्याने लिहिलेल्या शब्दावर त्यांनी विश्वास ठेवला, एवढेच त्यांचे चुकले असे म्हणावे लागेल. शंका माझ्या मनात होती, ती कागदावर नव्हती. महिनाभराने शिक्षकांचा मुलगा कागदपत्रांची पिशवी घेऊन आला, तेव्हा त्या पिशवीत माझी चिठ्ठी चार घड्या घालून ठेवलेली होती. ती मी पुन्हा वाचली आणि त्या दिवसापासून माझ्या इंग्रजीकडे मी रोगाकडे पाहावे तसे पाहू लागलो. हा लेख त्या निरीक्षणाचे फलित आहे.

इंग्रजी कशासाठी?

आपण मराठीतच का लिहू नये, असा प्रश्न काही ज्येष्ठ वैद्य विचारतील. रुग्णाला द्यायच्या सूचना मराठीत असाव्यात याबद्दल दुमत नाही. परंतु आपल्या लेखणीतून रोज काही ना काही इंग्रजी उतरतेच. तज्ज्ञांकडे पाठवायची चिठ्ठी, रजेसाठीचे प्रमाणपत्र, विमा कंपनीचे कागद, औषधाचे लेबल, माहितीपत्रक आणि परदेशी राहणाऱ्या मुलाकडे आईवडिलांसोबत जाणारे औषधांचे टिपण ही त्याची ठळक उदाहरणे. या प्रत्येक कागदाचा वाचक आपल्यासमोर बसलेला नसतो. "म्हणजे काय?" असे त्याला विचारता येत नाही. म्हणून तेथे भाषेच्या चुकीचे निराकरण होत नाही. ती चूक थेट उपचारात उतरते.

आपल्यापैकी बहुतेकांचे शालेय शिक्षण मराठी माध्यमातून, संहितांचे अध्ययन संस्कृतातून आणि आधुनिक विषयांचे अध्ययन इंग्रजी पुस्तकांतून झाले. या तीन प्रवाहांच्या संगमावर आपले इंग्रजी तयार होते. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. लाज वाटते म्हणूनच आपण साधे शब्द टाळून भारदस्त शब्द शोधतो आणि तेथेच घोटाळा होतो. मी ‘स्वेटिंग’ न लिहिता ‘परस्पिरेशन’ लिहिले, ते एम.डी. झालेल्या वाचकावर छाप पडावी म्हणून. आणि ‘हार्ट अटॅक’ असे स्पष्ट लिहिले नाही, ते निदान चुकले तर हसे होईल म्हणून. ‘डू द नीडफुल’ या नम्र वाक्याआड माझी भीती लपली होती.

चरकाचार्यांची कसोटी

सुबोध लेखनाचा आग्रह हा काही पाश्चात्त्यांकडून घ्यावयाचा नवा धडा नव्हे. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात, शिष्याने अभ्यासासाठी कोणते शास्त्र निवडावे हे सांगताना, ग्रंथाचे शब्द ग्राम्य नसावेत आणि ते ‘अकष्टशब्द’ असावेत, अशी अपेक्षा आचार्यांनी नोंदवली आहे. त्याच अध्यायात संभाषाविधीच्या संदर्भात न्यून, अधिक, अनर्थक, अपार्थक आणि विरुद्ध असे पाच वाक्यदोष सांगितले आहेत. हे दोष वादसभेसाठी सांगितले असले, तरी आपल्या चिठ्ठ्यांना ते तंतोतंत लागू पडतात. एकेक दोष घेऊन पाहू.

न्यून म्हणजे ज्यात आवश्यक अवयव नाही असे वाक्य. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन यांपैकी काही गळले की वाक्य न्यून होते. माझ्या चिठ्ठीत प्रतिज्ञाच नव्हती. मला कशाची शंका आहे आणि समोरच्याने काय करावे, या दोन्ही गोष्टी गळल्या होत्या. ‘डू द नीडफुल’ हे वाक्य न्यूनदोषाचे आदर्श उदाहरण आहे. कारण ‘नीडफुल’ काय ते वाचकानेच ठरवायचे असते. इंग्लंडमध्ये ही शब्दयोजना आता जुनाट वाटते. आपल्या कार्यालयीन पत्रव्यवहारात मात्र ती टिकून आहे. तिच्या जागी काय हवे ते नेमके लिहावे : ‘प्लीज डू ॲन ईसीजी’, ‘प्लीज चेक हर ब्लड शुगर’, ‘प्लीज ॲडमिट इफ यू ॲग्री’.

अधिक म्हणजे पुनरुक्ती किंवा अप्रस्तुत. अर्थपुनरुक्तीचे उदाहरण देताना चरकाचार्यांनी भेषज, औषध, साधन हे एकाच अर्थाचे शब्द घेतले आहेत. आपली लेबले पाहा : ‘त्रिफळा चूर्ण पावडर’, ‘आरोग्यवर्धिनी वटी टॅब्लेट्स’, ‘दशमूल क्वाथ डिकॉक्शन’. चूर्ण म्हणजेच पावडर, क्वाथ म्हणजेच डिकॉक्शन. पत्रांतील ‘काइंडली प्लीज’ आणि ‘रिव्हर्ट बॅक’ ही याच जातीची. त्यातही ‘रिव्हर्ट’ या क्रियापदाचा रूढ अर्थ पूर्वस्थितीला परत जाणे असा आहे. उत्तर पाठवा असे सांगायचे असेल, तर ‘प्लीज रिप्लाय’ हे दोन शब्द पुरेसे आहेत.

अनर्थक म्हणजे अर्थहीन वर्णसमूह. संहितेत यासाठी ककारादी वर्णांच्या वर्गांचा दाखला दिला आहे. आजच्या भाषेत हा दोष म्हणजे आद्याक्षरांची रास. आपल्याकडे ‘एसओएस’ असे लिहिले की गरज पडल्यास घ्यावे, हे औषधविक्रेत्याला कळते. मूळ लॅटिन शब्दांची ती आद्याक्षरे आहेत. परंतु ब्रिटन-अमेरिकेत या अर्थाने ‘पीआरएन’ लिहितात, आणि सामान्य माणसाला ‘एसओएस’ म्हणजे संकटाची हाक वाटते. ‘ओडी’ हे आपल्याकडे दिवसातून एकदा या अर्थाने चालते. नेत्रवैद्यकात मात्र त्याच अक्षरांचा अर्थ उजवा डोळा असा होतो. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेने २००४ मध्ये, वापरू नयेत अशा संक्षेपांची यादीच जाहीर केली. त्यात ‘रोज एकदा’ आणि ‘एक दिवसाआड’ यांसाठीचे लॅटिन संक्षेप आहेत. तेव्हा ‘वन्स अ डे’, ‘ट्वाइस अ डे’, ‘ओन्ली इफ नीडेड’ असे पूर्ण शब्द लिहिण्यात कमीपणा नाही.

अपार्थक म्हणजे सुटे शब्द अर्थपूर्ण, पण त्यांचा परस्परांशी संबंध नाही. माहितीपत्रकांतील कितीतरी वाक्ये या सदरात मोडतात. ‘होलिस्टिक बॅलन्सिंग टॉनिक फॉर नर्व्हज, ब्लड, लिव्हर अँड लाइफ’ या वाक्यातील प्रत्येक शब्द इंग्रजी आहे, पण सगळे मिळून वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. औषध कोणत्या अवस्थेत, किती, केव्हा आणि कोणी घेऊ नये, हे सांगणारे साधे वाक्य अशा दहा वाक्यांहून मोलाचे असते.

विरुद्ध दोषात समयविरुद्ध हा प्रकार आहे. समय म्हणजे त्या त्या शास्त्राचा संकेत. आपल्या चिठ्ठ्यांत सर्वांत घातक ठरतो तो हाच दोष. कारण वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध असते, शब्दही ओळखीचा असतो. पण वाचकाच्या शास्त्रात त्या शब्दाचा संकेत निराळा असतो.

पित्त, आम आणि ‘अक्यूट’

मराठी रुग्ण म्हणतो, "पित्ताच्या उलट्या होताहेत." आपण लिहितो, ‘बाइल व्हॉमिटिंग’. शल्यचिकित्सकाच्या शास्त्रात हिरवट पित्तमिश्रित उलटी हे आतड्यातील अवरोधाचे लक्षण असू शकते आणि लहान बाळात तर ती तातडीची अवस्था मानतात. आपल्याला सांगायचे असते ते आंबट, कडवट पाणी पडणे. या ठिकाणी ‘सोअर, वॉटरी व्हॉमिट’ असे लिहिले तर वर्णन खरे राहते. उलट खरोखर हिरवी उलटी होत असेल, तर ‘ग्रीन व्हॉमिट’ हे दोनच शब्द कोणत्याही पारिभाषिक शब्दापेक्षा लवकर धोक्याची सूचना देतात.

आम या संकल्पनेसाठी ‘टॉक्सिन्स’ हा शब्द आपल्या माहितीपत्रकांत सर्रास आढळतो. आधुनिक वैद्यकात टॉक्सिन म्हणजे विशिष्ट विष, बहुधा जिवाणू, वनस्पती वा प्राणी यांच्यापासून उत्पन्न झालेले. ‘टॉक्सिन्स इन ब्लड’ असे वाचल्यावर तो डॉक्टर साहजिकच विचारतो, कोणते? त्याचे उत्तर आपल्यापाशी नसते. कारण आपल्याला तसे म्हणायचेच नसते. ‘आम’ हाच शब्द ठेवून, अपक्व आहाररसाशी संबंधित आयुर्वेदीय संकल्पना अशा आशयाचे एक सरळ इंग्रजी वाक्य त्यापुढे लिहिणे अधिक प्रामाणिक आहे.

‘अक्यूट’ आणि ‘क्रॉनिक’ यांचीही हीच गत. तीव्र वेदनेला आपण ‘अक्यूट पेन’ म्हणतो आणि पुढे ‘सिन्स टू इयर्स’ जोडतो. वस्तुतः ‘अक्यूट’ म्हणजे आशुकारी, ‘क्रॉनिक’ म्हणजे चिरकारी. तीव्रता सांगायची तर ‘सिव्हिअर’ किंवा त्याहून साधा ‘व्हेरी बॅड’ हा प्रयोग आहे. आशुकारी आणि चिरकारी यांत गल्लत करणारा विद्यार्थी आपण परीक्षेत नापास करू. इंग्रजीत मात्र ती गल्लत आपण स्वतः करतो.

मराठी वाक्यरचनेची सावली

‘तीन दिवसांपासून ताप आहे’ या वाक्याचे शब्दशः भाषांतर ‘फीव्हर सिन्स थ्री डेज’ असे होते. इंग्रजीत ‘सिन्स’ च्या पुढे काळाचा आरंभबिंदू येतो आणि ‘फॉर’ च्या पुढे कालावधी. म्हणून ‘फीव्हर फॉर थ्री डेज’ किंवा ‘फीव्हर सिन्स मंडे’ हे योग्य. भारतातील डॉक्टर चुकीचे वाक्यही समजून घेतील, हे खरे. पण ‘सिन्स थ्री’ एवढेच वाचता आले आणि पुढचा शब्द पुसट असेल, तर तीन दिवस की तीन वाजल्यापासून, हा संभ्रम राहतो.

‘पोट साफ होत नाही’ याचे ‘स्टमक इज नॉट क्लिअर’ असे रूपांतर मी एका सहाध्यायाच्या कागदावर पाहिले आहे. इंग्रजीत ‘स्टमक’ म्हणजे आमाशय; मलप्रवृत्तीशी त्याचा संबंध नाही. ‘कॉन्स्टिपेटेड फॉर अ वीक’ हे सरळ वाक्य आहे. त्याचप्रमाणे ‘बॉडी हीट’, ‘हेवी हेड’, ‘वीकनेस इन नर्व्हज’ हे शब्द मराठी रुग्णाच्या तोंडी शोभतात; चिठ्ठीत मात्र त्यामागचे लक्षण शोधून लिहावे लागते. उष्णता म्हणजे हातापायांची जळजळ, मूत्रदाह, तोंड येणे की ताप? रुग्णाला हा प्रश्न विचारल्याशिवाय इंग्रजी वाक्य पुरे होत नाही. भाषेची स्पष्टता ही अशी रोगपरीक्षणाकडे परत घेऊन जाते, हा तिचा मोठा लाभ मी अनुभवला आहे.

येथे एक सावधगिरीची सूचना. भारतीय इंग्रजीतील प्रत्येक प्रयोग चुकीचा समजून हद्दपार करण्याचे कारण नाही. ‘लूज मोशन्स’ हा शब्द पुण्यातील, पणजीतील किंवा इंदूरमधील कोणताही डॉक्टर क्षणात ओळखतो. तेथे तो लिहावा. तोच कागद लंडनमधील डॉक्टरकडे जाणार असेल, तर ‘डायरिया’ किंवा ‘लूज स्टूल्स’ लिहावे. ‘फोर्टनाइटली’ हा शब्द इंग्लंडमध्ये आणि आपल्याकडे चालतो, अमेरिकेत अनेकांना तो परका वाटतो. ‘बायवीकली’ तर सर्वत्रच संदिग्ध, कारण त्याचा अर्थ आठवड्यातून दोनदा असाही होतो आणि दोन आठवड्यांतून एकदा असाही. ‘एव्हरी टू वीक्स’ लिहिल्यास कोणाचाच गोंधळ होत नाही. देश, काल, सात्म्य पाहून औषध योजावे, तसेच शब्द योजावेत.

जुन्या निघंटूंतील इंग्रजी

आपल्या इंग्रजीत आणखी एक जुना साठा आहे. उदयचंद दत्त यांचा ‘मटेरिया मेडिका ऑफ द हिंदूज’ हा ग्रंथ १८७७ मध्ये कलकत्त्यात प्रसिद्ध झाला, कृ. मं. नाडकर्णी यांचा ‘इंडियन प्लँट्स अँड ड्रग्ज’ १९०८ मध्ये आला. या ग्रंथांचे ऋण मोठे आहे. परंतु त्या काळच्या इंग्रजी औषधशास्त्रातील शब्द त्यांच्यासारख्या ग्रंथांतून आपल्याकडे आले आणि येथेच थांबले. इंग्रजी वैद्यक मात्र पुढे गेले. ‘ऑल्टरेटिव्ह’, ‘स्टमॅकिक’, ‘एर्‍हाइन’, ‘इलेक्च्युअरी’ हे शब्द आजच्या इंग्रजी डॉक्टरलाही कोशात पाहावे लागतील. नस्यासाठी ‘एर्‍हाइन’ लिहिण्याऐवजी ‘नोज ड्रॉप्स’ लिहिले तर रुग्णाला बाटली कोठे रिकामी करायची ते कळते. अवलेहाला ‘इलेक्च्युअरी’ म्हणण्यापेक्षा ‘हर्बल जॅम’ म्हणणे कित्येकांना ग्राम्य वाटेल. मग ‘अवलेह, अ थिक स्वीट पेस्ट’ असे लिहावे. स्नेहन-स्वेदनासाठी ‘ओलिएशन’ आणि ‘सुडेशन’ हे शब्द परस्परांत ठीक आहेत. पंचकर्मासाठी येणाऱ्या परदेशी रुग्णाला मात्र ‘ऑइल मसाज’, ‘घी टू ड्रिंक’, ‘स्टीम’ असे सांगावे. तूप प्यायचे आहे हे ‘इंटर्नल ओलिएशन’ या शब्दांतून त्याला मुळीच कळत नाही, आणि कळते तेव्हा पेला हातात आलेला असतो.

संस्कृत संज्ञा कोठे ठेवावी आणि कोठे बदलावी, याबद्दल माझा नियम असा : शास्त्रीय संकल्पना असेल तर संस्कृत शब्द ठेवावा आणि एकदाच त्याचा खुलासा करावा, कृती किंवा लक्षण असेल तर साधे इंग्रजी लिहावे. दोष, धातू, अग्नी, ओज, प्रकृती यांना पर्याय शोधू नयेत. या कामी आता अधिकृत आधारही उपलब्ध आहेत. आयुष मंत्रालयाचे ‘नमस्ते’ हे संज्ञा-संकेतस्थळ २०१७ मध्ये सुरू झाले. जागतिक आरोग्य संघटनेने आयुर्वेदाच्या प्रमाणित संज्ञांचा संग्रह २०२२ मध्ये प्रसिद्ध केला आणि जानेवारी २०२४ मध्ये आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांचे व्याधी आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीशी जोडणारा विभाग दिल्लीत जाहीर झाला. विमा व नोंदींच्या कागदांवर या संज्ञा वापराव्यात. परंतु आमवात लिहून त्यापुढे विनातपासणी ‘ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस’ जोडण्यापेक्षा ‘पेनफुल, स्वोलन जॉइंट्स, स्टिफ इन द मॉर्निंग’ हे लिहिणे अधिक सुरक्षित आहे, कारण ते आपण प्रत्यक्ष पाहिलेले असते.

औषधसेवनकाल आणि चमचा

औषधसेवनकालाचा विचार आपल्या शास्त्राइतका सूक्ष्मपणे क्वचितच कोठे झाला असेल. अष्टांगहृदयात दहा काल सांगितले आहेत. असे असता लेबलावर आपण काय लिहितो? ‘ॲज डायरेक्टेड बाय फिजिशियन’ आणि फार तर ‘बिफोर मील्स’. प्राग्भक्त म्हणजे ‘जस्ट बिफोर फूड’, अधोभक्त म्हणजे ‘आफ्टर फूड’, मध्यभक्त म्हणजे ‘हाफवे थ्रू द मील’, सग्रास म्हणजे ‘मिक्स्ड विथ ईच माउथफुल’, निशी म्हणजे ‘ॲट बेडटाइम’. हे सर्व शब्द इंग्लंडमधील शाळकरी मुलालाही समजतील असे आहेत. अनुपानासाठी ‘व्हेइकल’ हा शब्द पुस्तकात असला, तरी चिठ्ठीत नको. ‘विथ व्हेइकल हनी’ वाचून माझ्या एका रुग्णाच्या नातवाने अमेरिकेतून फोन करून विचारले होते की हे औषध गाडीत बसून घ्यायचे काय. ‘मिक्स विथ वन टीस्पून ऑफ हनी’ एवढे पुरे.

मात्रेच्या बाबतीत नुसता ‘स्पून’ हा शब्द टाळावा. टीस्पून म्हणजे सुमारे ५ मिलिलिटर, टेबलस्पून म्हणजे सुमारे १५ मिलिलिटर. आपल्या घरातील चमचा या दोहोंत कोठेही असू शकतो. आसवारिष्टांच्या बाटलीवर मिलिलिटरचा आकडा आणि सोबत मापाचे टोपण, हा सर्वांत निर्वेध उपाय आहे. ‘१-०-१’ ही पद्धत आपल्या औषधविक्रेत्यांना ठाऊक आहे. परदेशी जाणाऱ्या टिपणावर मात्र ‘वन इन द मॉर्निंग, वन ॲट नाइट’ लिहावे.

औषधनिर्मात्यांनी एक भेद पक्का ध्यानात ठेवावा. लेबलावरील काही वाक्ये आपली नसतात, ती कायद्याची असतात. औषधे नियम, १९४५ मधील नियम १६१ नुसार, अनुसूची ई-१ मधील द्रव्ये असलेल्या आभ्यंतर औषधावर ‘कॉशन : टु बी टेकन अंडर मेडिकल सुपरव्हिजन’ हे शब्द इंग्रजी व हिंदी अशा दोन्ही भाषांत ठळकपणे छापावे लागतात. त्रिभुवनकीर्तीत वत्सनाभ व हिंगुळ आहे, आरोग्यवर्धिनीत पारद आहे. ही द्रव्ये त्या अनुसूचीत आहेत. बाह्योपयोगी औषधावर ‘फॉर एक्स्टर्नल यूज ओन्ली’ आणि वैद्यांना द्यायच्या नमुन्यावर ‘फिजिशियन्स सॅम्पल. नॉट टु बी सोल्ड’ हेही तसेच. ही वाक्ये सुधारू नयेत, लांबवू नयेत, गाळू नयेत. मात्र तैलाच्या बाटलीवर कायद्याच्या वाक्याखाली ‘डू नॉट ड्रिंक’ असे तीन शब्द अधिक छापण्यास कोणाची हरकत नसावी. महानारायण तैल प्यायलेल्या मुलाला घेऊन आलेली आई ज्याने पाहिली आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको.

दुसरा भेद जाहिरातीचा. औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ च्या अनुसूचीतील रोगांच्या बाबतीत निदान, उपचार, शमन, प्रतिबंध किंवा रोग बरा करण्याचा दावा जाहिरातीत करता येत नाही. मधुमेह त्या अनुसूचीत आहे. तेव्हा ‘क्युअर’ हा शब्द केवळ शैलीचा प्रश्न नाही. तो टाळण्यासाठी काही जण ‘शुगर-नॉर्मलायझिंग हार्मनी फॉर्म्युला’ अशी आडवळणे घेतात. आडवळणाने दावा लपत नाही, आणि खरे सांगणेही साधत नाही. जे आपण साध्या वाक्यात लिहू शकत नाही, ते बहुधा लिहिण्याजोगे नसतेच.

चिठ्ठीचा एक नमुना

इंग्रजांनाही स्वतःच्या भाषेतील कार्यालयीन बोजडपणाचा त्रास झालेला आहे. ब्रिटिश सरकारी अधिकाऱ्यांची भाषा सुधारावी म्हणून सर अर्नेस्ट गॉवर्स यांनी ‘प्लेन वर्ड्स’ हे पुस्तक लिहिले, ते १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे ज्या अवजड शब्दांना आपण उच्च इंग्रजी समजतो, ते त्यांच्याच घरी पाऊण शतकापूर्वी त्याज्य ठरले होते.

माझ्या दवाखान्यात आता तज्ज्ञांकडे पाठवायच्या प्रत्येक चिठ्ठीत चार ओळी असतात. पहिल्या ओळीत वय, लक्षण आणि ते केव्हापासून. दुसऱ्या ओळीत मी काय पाहिले : नाडी, रक्तदाब, ताप, जे मोजले ते आकड्यांत. तिसऱ्या ओळीत मला कशाची शंका आहे. चौथ्या ओळीत मी कोणते औषध दिले आणि आता काय व्हावे अशी विनंती. औषधात रसकल्प असेल तर त्याचे नाव न लपवता लिहितो. चिठ्ठी बंद करण्यापूर्वी ती एकदा मोठ्याने वाचतो. दहावी झालेल्या माझ्या कंपाउंडरला तिचा आशय मराठीत सांगता आला नाही, तर पुन्हा लिहितो. याला जास्तीत जास्त चार मिनिटे लागतात.

२००६ मधील ती चिठ्ठी आज मी अशी लिहिली असती : ‘मॅन, सिक्स्टी-वन. चेस्ट पेन अँड स्वेटिंग सिन्स सेव्हन धिस मॉर्निंग. पल्स वीक अँड फास्ट. आय सस्पेक्ट अ हार्ट अटॅक. नो मेडिसिन गिव्हन. प्लीज डू ॲन ईसीजी ॲट वन्स.’ यातील एकही शब्द असा नाही की जो त्या दिवशी मला येत नव्हता.

शिक्षक पुढे नऊ वर्षे माझ्याकडे येत राहिले. मी हृद्य द्रव्ये देत असे, हृदयरोगतज्ज्ञांची औषधे त्यांच्या सूचनेप्रमाणे चालू होती. त्या चिठ्ठीविषयी ते एका शब्दानेही कधी बोलले नाहीत. एकदा मात्र, एका दुसऱ्या रुग्णासाठी मी इंग्रजीत चिठ्ठी लिहीत असताना ते समोर बसले होते. लिहून झाल्यावर त्यांनी हात पुढे केला, ती वाचली आणि जुन्या सवयीने एक स्वल्पविराम दुरुस्त करून परत दिली.